वळणावरचे अडीच मिलिमीटर

तुरीला शेंगा भरल्या की आमच्याकडे जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एकदा घुसला की पहाटेपर्यंत पट्टेच्या पट्टे लोळवून जातो, म्हणून रात्रभर मचाणावर बसायचं. सोबत शेकोटी, वाजवायला टिनाचा डबा आणि एक बॅटरी. आमचं वावर माजरी–वणी लाइनला लागून आहे आणि नेमका तिथंच रूळ वळतो. कोळशाची भरलेली गाडी त्या वळणावर आली की आवाज बदलतो. आधी नुसती धडधड, मग एक लांबलचक किरकिर, जणू कुणी भल्या मोठ्या विळ्यावर कानस फिरवतंय. इंजिन पार पुढं निघून गेलं तरी मागच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, एकामागून एक तोच सूर लावत जातात. डुकरांना त्याची सवय झाली आहे, मला नाही.

बाबा रेल्वेत रूळ सांभाळणाऱ्या गँगचे मुकादम होते. मी लहान असताना मचाणावर बसल्या बसल्या ते म्हणायचे, "आइकलं काय? गाडी रूळ खाऊन राहिली." मला वाटायचं, ही त्यांची बोलण्याची तऱ्हा. पुढं मी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा कळलं की त्यात अलंकार काहीच नव्हता. त्या आवाजात पोलाद पोलादाला तासत असतं. बाबांची गँग त्या वळणावर रुळाच्या आतल्या बाजूला ब्रशने काळं ग्रीस लावायची. मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या वर जाते, लोखंड त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि त्यावर वाकून ही माणसं वंगण लावत. ते वरच्या तोंडावर लागलं तर चाक घसरतं, म्हणून फक्त कडेला. दोन-चार गाड्या गेल्या की पुन्हा कोरडंठाक.

रेल्वेबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते नव्या गाड्यांवर, थांब्यांवर आणि भूसंपादनाच्या मोबदल्यावर. चाक आणि रूळ एकमेकांना जिथं टेकतात त्या जागेवर कुणी बोलत नाही. ती जागा असते बोटाच्या नखाएवढी. भरलेल्या कोळशाच्या वाघिणीच्या एका आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, २२ टनांहून अधिक भार असतो, म्हणजे प्रत्येक चाकाखाली ११ टन, आणि तो या नखाएवढ्या जागेवर तोललेला. सध्या जगभर रेल्वेचे अभियंते या जागेसाठी नवं तंत्र आणू पाहत आहेत: चाकांचा आस संगणकाच्या हुकमाने वळवायचा आणि सस्पेन्शनही, म्हणजे डब्याला हादरे बसू न देणारी स्प्रिंगांची रचनाही, स्वतः हालचाल करणारी बसवायची, म्हणजे चाक आणि रूळ दोघंही कमी झिजतील. आपल्याकडेही कधी ना कधी कुणीतरी 'स्मार्ट बोगी'चा फलक घेऊन उभं राहील. त्याआधी गावातल्या माणसानेही या गोष्टीवर मत बनवायला हरकत नाही, कारण झिजणारा रूळ आपल्या वावरातून जातो.

बंडीपासून सुरुवात करू. बैलबंडीची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, दोघांचं भांडण नाही. शिवाय बैल वळले की दांडी वळते आणि दांडीमागे बंडी. रेल्वेची चाकं एकाच पोलादी आसावर दाबून घट्ट बसवलेली असतात. एक जितकं फिरेल तितकंच दुसरं. मग वळणावर, जिथं बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो, तिथं काय करायचं?

यावरचं उत्तर जुनं आहे आणि मला ते फार आवडतं. चाक सपाट नसतं, किंचित निमुळतं असतं. आतल्या बाजूला जाड, बाहेर पातळ, उतार विसास एक. वळणावर आस थोडा बाहेर सरकतो. बाहेरचं चाक जाड भागावर येतं, आतलं पातळ भागावर. जाड चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि आस आपोआप वळतो. चाकाला आतून जी उभी कोर असते, जिला रेल्वेवाले फ्लँज म्हणतात, ती वळवण्यासाठी नाहीच. विहिरीचा कठडा जसा टेकून चालण्यासाठी नसतो, तशी.

आता थोडं गणित, आणि ते मी वर्गात फळ्यावर करतो तसंच करतो. रेल्वेत वळण अंशांत मोजतात. १७५० ला अंशांनी भागलं की त्रिज्या मीटरमध्ये मिळते. चार अंशांच्या वळणाची त्रिज्या झाली सुमारे ४३७ मीटर. ब्रॉडगेजवर दोन चाकांचे टेकण्याचे बिंदू एकमेकांपासून साधारण पावणेदोन मीटरवर असतात, आणि वाघिणीच्या नव्या चाकाचा व्यास १ मीटर. हिशेब केला तर एका फेऱ्यात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा साडेबारा मिलिमीटर जास्त चालावं लागतं. त्यासाठी दोन चाकांच्या टेकत्या त्रिज्येत २ मिलिमीटरचा फरक पडायला हवा. विसास एक उतारावर तेवढा फरक मिळवायचा तर आस २० मिलिमीटर बाजूला सरकला पाहिजे. आणि सरकायला मोकळी जागा किती? नव्या चाकाला दोन्हीकडची मिळून १९, म्हणजे मध्यापासून साडेनऊ. दोन अंशांच्या वळणालाच १० लागतात, चार अंशांचं तर विचारायलाच नको. कोर रुळाला जाऊन भिडते आणि किरकिर सुरू होते. झिजून झिजून चाकाला जो आकार येतो, तोच नव्या चाकाला आधीच द्यायचा, ही युक्ती भारतीय रेल्वेने केव्हाच उचलली आहे. तिने हे गणित सुसह्य होतं, सुटत नाही.

जाता जाता एक गोष्ट. आमची शकुंतला ही यवतमाळ–मूर्तिजापूरची छोटी गाडी किंवा नागपूर–नागभीडची छोटी लाइन नागमोडी वळणं घेत जायची, यामागेही हेच गणित आहे. ७६२ मिलिमीटरच्या गेजला, म्हणजे दोन रुळांमधल्या एवढ्या अंतराला, आतल्या-बाहेरच्या रुळाचा फरक निम्म्याहूनही कमी पडतो. छोटी लाइन मोठी केली की लोकांची सोय होते, पण तेच वळण आसासाठी दुपटीहून अवघड होतं.

यात दुसरा पेच बोगीचा आहे. आपण सगळे आख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. अभियंत्यांची बोगी म्हणजे डब्याखालचा तो चार चाकांचा सांगाडा. त्यात दोन आस एकमेकांना समांतर धरलेले असतात, वाघिणीत दोन मीटर अंतरावर. वळणावर प्रत्येक आसाचं तोंड वळणाच्या मध्याकडे असायला हवं. समांतर धरलेल्या आसांना ते जमत नाही. पुढचा आस तिरपा होऊन बाहेरच्या रुळावर चढू पाहतो, मागचा त्याला ओढत राहतो. नीट उभं राहायला प्रत्येक आसाला किती वळावं लागेल? चार अंशांच्या वळणावर एका अंशाचा आठवा भाग. आसाच्या टोकाशी मोजलं तर दोन-अडीच मिलिमीटर. माझी झोपमोड, पातळ होत जाणारी कोर, आतून तासला गेलेला रूळ, बाबांच्या हातातला ब्रश, सगळं या अडीच मिलिमीटरपायी.

मग आस थोडे सैल का सोडत नाहीत? कारण सैल आस सरळ रुळावर नागासारखा डोलतो. निमुळतं चाक आसाला मध्याकडे आणतं, पण आस मध्यावर थांबत नाही, पलीकडे जातो, पुन्हा परततो. या डोलण्याची लांबी काढायचं सूत्र जर्मन अभियंता क्लिंगेल याने १८८३ मध्ये मांडलं. वेग वाढला की डोलणं आवरेनासं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तादाशी मात्सुदैरा हा माणूस यावर काम करत होता. युद्धात तो लढाऊ विमानांच्या पंखांची थरथर अभ्यासत असे, नंतर त्याने तीच नजर रेल्वेच्या आसाकडे वळवली, आणि १९६४ च्या शिंकान्सेनमागे त्याच्या या कामाचा मोठा हात आहे. तेव्हा पेच असा की आस घट्ट धरला तर सरळ रुळावर गाडी शहाण्यासारखी धावते पण वळणावर रूळ खाते, आणि सैल सोडला तर वळणावर गोगलगाय पण सरळ रुळावर नाग. दीडशे वर्षं प्रत्येक बोगीत या दोघांमध्ये तडजोड केलेली असते, आणि ती तडजोड एकदा कारखान्यात झाली की जन्मभराची.

आस संगणकाने वळवण्याची, म्हणजे सक्रिय सुकाणूची, कल्पना ही तडजोडच मोडते. आसाच्या टोकाशी तेलाच्या दाबावर किंवा विजेवर चालणारा दांडा बसवायचा. गाडी वळणावर आली हे संवेदक सांगणार, दांडा आसाचं टोक अडीच मिलिमीटर पुढं ढकलणार, सरळ रूळ लागला की पुन्हा आवळून धरणार. एकच बोगी, दोन स्वभाव. सस्पेन्शनमधलं याचं भावंड तर कधीच धावायला लागलं आहे. जपानच्या ई-५ शिंकान्सेनमध्ये २०११ पासून सगळ्याच डब्यांचे आडवे हेलकावे असे दांडे मोडून काढतात. पण ते प्रवाशाच्या पोटातलं पाणी हलू नये म्हणून. आसालाच वळवणारं तंत्र चाचण्यांतून आणि मोजक्या प्रयोगांतून अजून फारसं पुढं सरकलेलं नाही.

अशा लेखांत इथं येऊन लिहिणारे सहसा 'आपणही मागे राहता कामा नये' असं म्हणतात. मी म्हणणार नाही. माझ्या मचाणासमोरून जाणाऱ्या वाघिणीत वीजच नसते. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत जाते ती ब्रेकच्या हवेची नळी. खाणीच्या साइडिंगला, म्हणजे माल भरायच्या फाट्यावर, तिच्यावर यंत्राने वरून ढेकळं कोसळवतात, आणि वीजकेंद्रावर पोहोचली की कित्येक ठिकाणी तिला आख्खीच्या आख्खी उलटी करून रिकामी करतात. अशा जनावराच्या पायात संवेदक आणि संगणक बांधायचा म्हणजे बैलाला चष्मा लावण्यासारखं आहे. एक दांडा वळलेल्या स्थितीत अडकला तर सरळ रुळावर काय होईल, हा प्रश्न तर प्रवासी गाडीतही झोप उडवणारा आहे. पन्नासेक वाघिणींच्या रेकमध्ये, म्हणजे आख्ख्या मालगाडीत, तो काही पटींनी वाढतो.

वाघिणीसाठी विजेविना चालणारा उपाय केव्हाचा उपलब्ध आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या हर्बर्ट शेफेल या अभियंत्याने १९७० च्या दशकात बोगीतले दोन्ही आस तिरप्या दांड्यांनी एकमेकांना बांधले. पुढचा एका बाजूला वळला की मागचा आपोआप उलट बाजूला वळतो, आणि दोघंही वळणाच्या मध्याकडे तोंड करतात. सरळ रुळावर तेच दांडे दोघांना डोलू देत नाहीत. सिशेन ते साल्दान्या या ८६१ किलोमीटरच्या लोहखनिजाच्या लाइनवर, जी १९७६ मध्ये सुरू झाली, अशा बोग्या आपल्या कोळशाहून जड माल वाहत आल्या आहेत. विशेष म्हणजे शेफेलने हे केलं ते आपल्या वाघिणीखाली असते तशाच तीन तुकड्यांच्या ओतीव बोगीवर. म्हणजे निराळ्या ग्रहावरची गोष्ट नाही. बडनेऱ्याला वॅगन दुरुस्तीचा कारखाना उभा राहिला आहे. कोळशाच्या एका रेकला अशा बोग्या लावून ती वणी–माजरी–चंद्रपूर याच फेऱ्यात दोन वर्षं फिरवायला आणि चाकं मोजायला काही मोठी अडचण असू नये.

सक्रिय सुकाणूला आपल्याकडे जागा आहेच, पण ती इंजिनांत आणि वंदे भारतसारख्या गाड्यांत, जिथं वीज आहे, संगणक आहे, आणि देखभालीला शिकलेली माणसं आहेत. नागपूरला १२,००० अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-१२ इंजिनांच्या देखभालीची सोय आहे. इंजिनाची चाकं वळतावळता ओढतही असतात, त्यामुळे वळणावर सर्वात जास्त चावतात ती तीच. इटारसीकडे जाताना तिगाव–चिचोंडा किंवा धाराखोह–मरामझिरीच्या घाटात हे कुणालाही दिसेल. प्रयोग करायचाच तर तिथं करा.

मात्र एक घोळ कुठलंच सुकाणू मिटवणार नाही. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात, आणि ती उंची एकाच वेगाला बरोबर असते. त्याच रुळावरून वंदे भारत सुसाट जाते आणि कोळसा रांगत जातो. उंची एकीला कमी पडते, दुसरीला जास्त होते. रांगणारी गाडी आतल्या रुळावर रेलते आणि त्याचं डोकं चेपत जाते. हे रुळांच्या वाटणीचं दुखणं आहे, बोगीचं नाही.

आता मूळ मुद्दा. अडीच मिलिमीटरचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी मिळालं असेल तर ते माझ्या वावरापर्यंत का पोहोचलं नाही?

आमच्या शिवारात एक पांदण आहे. पावसाळ्याआधी सगळे मिळून तिच्यावर मुरूम टाकतात. मग रेतीचे टिप्पर तिच्यावरून जातात, आषाढात चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात, आणि बंडीवाला त्यात अडकतो. टिप्परवाल्याला चांगले टायर घ्या, कमी भरा असं सांगून उपयोग नसतो, कारण पांदण त्याच्या हिशेबात कुठं येतच नाही. त्याचा खर्च डिझेल, ड्रायव्हर, हप्ता. मुरूम गावाचा.

रेल्वेतही असंच आहे, फक्त दोन्ही बाजूंना रेल्वेच आहे. वाघीण आणि तिची बोगी यांत्रिक विभागाची, रूळ अभियांत्रिकी विभागाचा. चांगल्या बोगीचा जादा पैसा पहिल्याच्या वहीतून जाणार आणि वाचलेल्या रुळाचा फायदा दुसऱ्याच्या वहीत दिसणार. अशा व्यवहारात पहिला का पडेल? बाबा निवृत्त होईपर्यंत त्यांच्या तोंडी एक वाक्य असायचं: "डब्बेवाले म्हन्तात रूळ खराब, रूळवाले म्हन्तात चाक खराब. ग्रीस लावाले मात्र आमीच." डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या आठ वरिष्ठ सेवा एक करायचा निर्णय घेतला, तो विभागांमधल्या अशाच भिंती पाडण्यासाठी. पण माणसांच्या सेवा एकत्र केल्याने वह्या एकत्र होत नाहीत.

माल पाठवणाऱ्याच्या बिलातही झिजेला जागा नाही. भाडं ठरतं मालाच्या वर्गावर, वजनावर आणि अंतरावर. वाघिणीची बोगी रूळ कुरतडणारी आहे की जपणारी, याने भाड्यात एका रुपयाचा फरक पडत नाही. २००५ नंतर प्रत्येक वाघिणीत पूर्वीपेक्षा सहा-आठ टन जास्त माल भरायला परवानगी मिळाली, तेव्हा वाढलेल्या उत्पन्नाचं खूप कौतुक झालं. ते चुकीचं नव्हतं. पण तेवढ्याच मोठ्या अक्षरांत रुळाच्या वहीतला खर्चही छापायला हवा होता. आणि २०१८ पासून तर खासगी गुंतवणूकदारांनी स्वतःच्या वाघिणी घेऊन रेल्वेवर चालवायची योजना आहे. म्हणजे आता टिप्पर खरोखरच दुसऱ्याचा झाला. त्याने स्वस्त बोगी का घेऊ नये?

स्वित्झर्लंडने २०१७ मध्ये यावर साधा उपाय केला. रूळ वापरण्याच्या आकारात झिजेचा भाग घातला. गाडी किती जड, किती वेगाने, कुठल्या वळणावरून आणि कसल्या बोगीवर धावते, यावरून तो ठरतो. मग कंपन्यांना अचानक आपल्या आसांची काळजी वाटू लागली. तिथं डब्यांना आस बोगीला जिथं जोडला जातो तिथं तेल भरलेले रबरी बुश बसवले गेले. हे बुश हळू दाबाला नरम राहतात म्हणजे वळणावर आस वळू देतात, आणि झटक्याला ताठ होतात म्हणजे सरळ रुळावर डोलू देत नाहीत. ना संगणक, ना वीज. तंत्र काय निवडायचं ते सरकारने सांगितलं नाही, फक्त झिजेचं बिल योग्य दारात नेऊन ठेवलं.

ब्रिटनला हा धडा वाईट रीतीने मिळाला. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफिल्डजवळच्या वळणावर धावत्या एक्सप्रेसखाली रुळाचे तुकडे तुकडे झाले आणि चार प्रवासी गेले. रुळाच्या डोक्याच्या आतल्या कडेला चाकांच्या रेट्याने बारीक भेगा पडत गेल्या होत्या. रूळ एका कंपनीकडे, गाड्या भलत्याच कंपन्यांकडे, देखभाल ठेकेदाराकडे. रुळांची मालक असलेली रेलट्रॅक कंपनी वर्षभरातच दिवाळखोरीच्या कारभाऱ्यांच्या हाती गेली. हॅटफिल्डवरून आणखी एक शिकण्यासारखं आहे, आणि ते माझ्या बाजूच्या लोकांनाही सहसा आवडत नाही. झीज सगळीच वाईट नसते. थोडी झीज बारीक भेगा वाढायच्या आतच पुसून टाकते. नुसतं ग्रीस लावून झीज थांबवली आणि घासणी यंत्राने रुळाचं डोकं वेळच्या वेळी तासलं नाही, तर भेगा आत आत जातात. म्हणून रूळ किती मिलिमीटर झिजला एवढंच पाहून भागत नाही, त्याच्यावर बळ किती पडलं हेही मोजावं लागतं.

रेल्वेतल्या एका निवृत्त परिचिताशी मी यावर वाद घातला. त्यांचं म्हणणं: "गुरुजी, एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात टाकून काय मिळणार? शेवटी मालक एकच." मुद्दा बिनतोड वाटतो. पण मालक एकच असेल तर मोजायला भीती कसली? घरात दोन भाऊ एकत्र असले तरी कोणत्या वावरात किती खत गेलं हे कारभारी लिहून ठेवतोच, नाहीतर कुठलं वावर पिकतं आणि कुठलं खातं हे कळणार कसं. त्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार होता. विदर्भ सपाट आहे, मुख्य लाइन मैलोन्‌मैल सरळ जाते, मग वळणाचं एवढं काय घेऊन बसलात? खरं आहे. वर्धा–बडनेरा किंवा वर्धा–बल्लारशा रुळावर सुकाणू बोगीने फार काही वाचणार नाही. झीज साचते ती खाणींच्या साइडिंगला, माजरीसारख्या जंक्शनवर, यार्डाच्या तोंडाशी आणि घाटांत. पण कोळशाची प्रत्येक वाघीण या सगळ्या जागांमधून फेऱ्या मारते. वळणावर झिजलेलं तेच चाक ती सरळ रुळावर घेऊन येते, आणि वेडंवाकडं झिजलेलं चाक सरळ रुळावरही लवकर डोलू लागतं. शिवाय एकदा कोर पातळ झाली की चाक लेथवर चढतं. लेथ कोरीवर धातू चढवू शकत नाही. ती चाकाचा सगळा घेर उतरवते, तेव्हा कुठं कोर पुन्हा जाड दिसते. १००० मिलिमीटरचं चाक ९०६ ला भंगारात जातं. त्या ९४ मिलिमीटरमधले कितीतरी चाकाने धावून नव्हे, तर आजूबाजूची कोर वाचवण्यासाठी गमावलेले असतात.

गँगच्या नोकऱ्या जातील ही भीतीही मी ऐकली आहे. तिच्यावर मी फार थांबत नाही. ज्याने ४५ अंशांत ग्रीस लावलंय, त्याला त्या कामाचं प्रेम नसतं. आधीच जी माणसं कमी आहेत, ती भेगा शोधायला आणि सांधे बघायला मोकळी होतील.

मला जास्त टोचतं ते दुसरंच. कोळसा इथून निघतो, वीज इथं होते, जाते दूर, आणि रूळ इथं झिजतो. झिजलेल्या रुळावर वेगमर्यादा लागते, दुरुस्तीसाठी वाहतूक बंद ठेवून ब्लॉक घेतला जातो, आणि स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला थांबते ती पॅसेंजर. एप्रिल २०२२ मध्ये कोळसा आधी पोहोचावा म्हणून प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या गोंदियाकडच्या लोकांनी ते चांगलंच भोगलं. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर मालखेड–टिमटाळादरम्यान कोळशाच्या वाघिणी घसरल्या आणि मुंबई–हावडा लाइनवरच्या गाड्यांचा खोळंबा झाला. तो अपघात झिजेमुळे झाला असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की कोळशाच्या रुळावर काही बिघडलं की किंमत मोजतो तो नागपूरच्या मेडिकलमध्ये तारीख घेऊन निघालेला माणूस, आणि त्याचं नाव कुठल्याच वहीत नसतं.

म्हणून माझी मागणी स्मार्ट बोगीची नाही. मागणी आहे ती प्रत्येक वळणाच्या झिजेची नोंद तिथून जाणाऱ्या वाघिणींच्या प्रकारासह छापण्याची, आणि खासगी वाघिणींच्या भाड्यात बोगीच्या प्रकाराप्रमाणे सवलत किंवा जादा आकार लावण्याची. मोजमाप आजही होतं. बाबांच्या वेळी रूळ तपासणारे पी.डब्ल्यू.आय. साहेब वळणावर येऊन रुळाची झीज मोजायचे आणि आकडा वहीत जायचा. कुठली गाडी कितीचा रूळ खाऊन गेली, हे मात्र त्या वहीत कधी लिहिलं गेलं नाही.

सुरुवात कुठून करायची याचंही उत्तर शेजारीच आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड ही २८४ किलोमीटरची नवी लाइन तयार होते आहे, तिचा कळंबपर्यंतचा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तिथले रूळ अजून कोवळे आहेत. वळणांवरच्या रुळाच्या डोक्याचा साचा आत्ताच घेऊन ठेवला, तर पाच वर्षांनी कुठल्या गाडीने किती खाल्लं हे भांडण न करता सांगता येईल. उशीर केला तर तिथंही कुणीतरी ब्रश घेऊन उभा असेल, आणि त्याच्याकडे ताडून बघायला मूळचा आकडाच नसेल.